गाजराचं पोतं घरी आलं, आता पुढं काय? सांगलीच्या हवेत गाजर टिकवायची रीत

संक्रांतीच्या आठवड्यात सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलं, माधवनगर, बुधगाव मागं टाकलं की कवलापूर येतं. आमच्याकडं हे गाजराचं गाव म्हणून ओळखलं जातं. भोगीच्या भाजीला खरं तर पाव किलो गाजर पुरतं. पण रानातून नुकतंच निघालेलं लालबुंद गाजर आणि त्याचा भाव बघितला की हात आखडत नाही. पोतंच गाडीत टाकलं जातं.

आम्ही पहिल्यांदा पोतं आणलं त्या वर्षी मी सगळी गाजरं नळाखाली स्वच्छ धुतली. तासभर ओसरीवर पसरली आणि वरवर कोरडी दिसली म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, गाठी मारून ओट्याखाली ठेवली. जागा पुरली नाही म्हणून चार-पाच किलो उघड्या बुट्टीत राहिली. पाचव्या दिवशी ओट्याखालून आंबूस वास आला. पिशवीत हात घातला तर शेंड्यांचा चिकट लगदा बोटांना लागला. बुट्टीतली कुजली नव्हती, पण वाकवली तर दोरीसारखी वाकत होती. निम्मं पोतं गुरांपुढं टाकावं लागलं.

त्या नुकसानातून मला जे कळलं त्यावरच हा सगळा लेख उभा आहे. गाजराच्या आतलं पाणी आतच राहिलं पाहिजे, आणि बाहेरून लागलेलं पाणी त्याच्या अंगावर राहता कामा नये. पिशवीतली ओली राहिली म्हणून कुजली, बुट्टीतली उघडी राहिली म्हणून सुकली. पुढच्या प्रत्येक पायरीला हेच डोळ्यांसमोर ठेवा.

दुसरं म्हणजे आपली हवा ओळखा. गाजर सर्वांत जास्त टिकतं ते शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर दमट हवेत. तशा जागी ते सहा-सहा महिने चांगलं राहतं. थंड देशांतले लोक तळघरात पेट्या भरून ठेवतात ते यामुळं. सांगलीत थंडीतली पहाट बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरते, पण दुपारी पुन्हा तीसच्या घरात पारा असतो आणि मार्चनंतर तर विचारायलाच नको. त्यामुळं तळघराची युक्ती जशीच्या तशी इथं चालत नाही. इथं पोत्याचे भाग करायचे आणि प्रत्येक भाग वेगळ्या रीतीनं ठेवायचा.

१. आधी हिशोब मांडा

पोतं घ्यायच्या आधी घरात खाणारी तोंडं मोजा. चार माणसांच्या घरात कोशिंबीर, भाजी, पुलाव धरून आठवड्याला दीड-दोन किलोपेक्षा जास्त गाजर संपत नाही. हलवा झाला तर तीन किलो.

मी पंधरा किलो आणते तेव्हा वाटणी अशी करते:

पाच किलो फ्रिजमध्ये, पुढच्या तीन-चार आठवड्यांत खायला.
पाच किलो फ्रीझरमध्ये. तीन किलो किसून, दोन किलो काप करून.
तीन किलो वाळवायला.
एक किलो लोणच्याला.
एक किलो भोगीला आणि शेजारी वाण म्हणून.

हा आकडा तुमच्या फ्रिजप्रमाणं बदला. फ्रीझरचा कप्पा लहान असेल तर वाळवणाचा भाग वाढवा. पण सगळं पोतं एकाच रीतीवर सोडू नका. त्याचं कारण शेवटी येईलच.

२. सामान आधी जमवा

गाजर घरात आल्यावर धावपळ नको म्हणून हे आदल्या दिवशीच काढून ठेवा:

धारदार सुरी, सोलाणं, जाड किसणी.
दोन-तीन जुने, धुतलेले सुती पंचे किंवा मऊ धोतराचे तुकडे.
कोरडं गोणपाट किंवा तरट.
स्वच्छ प्लास्टिक पिशव्या आणि झिपच्या पिशव्या.
पाच-सहा लिटर पाणी मावेल असं पातेलं, मोठी चाळण किंवा रोळी.
बर्फ. घरच्या ट्रेमधला पुरत नाही, आदल्या दिवसापासून डब्यांत पाणी गोठवून ठेवा.
काचेच्या कोरड्या बरण्या.
वाळवणाला जाळी किंवा जुनी सुती साडी, आणि वर झाकायला पातळ मलमल.
कागदी चिकटपट्टी आणि पेन. पिशवीवर तारीख लिहायची आहे. हे टाळू नका, दोन महिन्यांनी कुठली पिशवी कधीची ते कुणालाही आठवत नाही.

गाजर गुंडाळायला वर्तमानपत्र वापरायची सवय आपल्याकडं फार आहे. छपाईची शाई अन्नाला लागणं चांगलं नाही, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनंही लोकांना हे बजावून सांगितलंय. घरात जुनं सुती कापड असतंच, तेच घ्या.

३. घेतानाच निवडा

टिकणं निम्मं इथंच ठरतं. वाईट गाजर कुठल्याच फ्रिजमध्ये सुधारत नाही.

बाजारात गाजर चकचकीत धुतलेलं मिळतं. गिऱ्हाईक मातीचं गाजर बघून पुढं जातं, म्हणून शेतकऱ्यालाही ते धुवावंच लागतं. पण धुताना घासलं जाऊन सालीवरचा पातळ पापुद्रा निघतो आणि तिथूनच ते लवकर सुकायला लागतं. म्हणून साठवणीचं गाजर शक्य असेल तर रानातूनच, मातीसकट घ्या. पहिल्या वर्षीचं माझं नुकसान ऐकून ज्या मावशींकडं आम्ही गाजर घेतो त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, माती राहू द्या की. मातीनंच टिकतंय ते." मी ते ऐकलं आणि तेव्हापासून एकदाही पस्तावले नाही.

हातात घेऊन हे बघा:

एक गाजर वाकवा. ताजं असेल तर वाकणार नाही, कट्कन मोडेल. वाकलं तर ते काढून बरेच दिवस झालेत.

देठाकडचा भाग हिरवा असेल तर तो जमिनीच्या वर उघडा राहून उन्हात आलेला असतो. खायला धोका नाही, पण तेवढा भाग कडवट लागतो. अशी गाजरं साठवणीला घेऊ नका.

अंगावर पांढऱ्या केसांसारखी बारीक मुळं फुटली असतील तर गाजर जुनं झालंय. आतला दांडा जाड आणि लाकडासारखा निघतो.

उभी चीर गेलेलं, कुदळ लागून तुटलेलं, टोचलेलं गाजर पोत्यात नको. चीर पडलेल्या जागी कूज आधी धरते आणि शेजारच्याला लावते. स्वस्त मिळालं तर वेगळं घ्या आणि दोन दिवसांत संपवा.

फार मोठी, मनगटाएवढी गाजरं मी घेत नाही. मध्यम, अंगठ्यापेक्षा थोडी जाड, सरळ, हीच बरी.

थंडीत मिळणारं लाल गाजर आणि बारा महिने मिळणारं नारिंगी गाजर यांच्यात फरक आहे. लाल गाजराचा रंग लायकोपिनचा, म्हणजे टोमॅटोला लाल करणाऱ्याच द्रव्याचा. नारिंगीचा रंग बीटा कॅरोटीनचा. लाल गाजर रसाळ आणि गोड, हलव्याला त्याला तोड नाही. पण माझ्या अनुभवात फ्रिजमध्ये नारिंगी गाजर जास्त दिवस ताठ राहतं. म्हणून पोतं लालचं असेल तर आधी किसायचं आणि हलव्याचं काम उरकून घ्या.

४. घरी आल्यावरचा पहिला तास

पोतं दारात उन्हात ठेवून चहाला बसू नका. आल्या आल्या सावलीत गोणपाट अंथरा आणि त्यावर गाजरं एका थरात पसरा.

पाला असेल तर लगेच कापा. पाला हिरवागार दिसतो म्हणून ठेवावासा वाटतो, पण पानं गाजरातलंच पाणी ओढून घेतात आणि एका रात्रीत गाजर मऊ पडतं. कापताना गाजराचा माथा उडवू नका. बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा देठ ठेवा. माथा कापला की तिथं उघडी जखम राहते. शेंड्याची शेपटीही तशीच राहू द्या.

पाल्याचं म्हणाल तर कोवळा असेल तर धुऊन, बारीक चिरून, शेंगदाण्याचा कूट घालून परतलेली भाजी चांगली होते. निबर असेल तर गुरांची वैरण.

माती ओली असेल तर तासभर सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. मग हातानं किंवा कोरड्या कापडानं ढेकळं झाडा. घासायचं नाही, धुवायचं नाही. पंख्याखाली रात्रभर ठेवायचीही गरज नाही, तेवढ्यात गाजर सुकायला लागतं.

आता तीन ढीग करा: अखंड आणि मध्यम, ते फ्रिजला. मोठी आणि वाकडी, ती किसायला नि कापायला. तुटकी, ती आजच्या भाजीला.

धुतलेलंच गाजर मिळालं असेल तर प्रत्येक गाजर पंचानं पुसून घ्या आणि साठवण कमी दिवसांची धरा.

५. फ्रिज: तीन-चार आठवड्यांची सोय

पिशवीत तळाला सुती कापड घाला. त्यावर गाजरं, वर कापडाचीच घडी. पिशवीचं तोंड गाठ न मारता नुसतं दुमडा. पिशवी गाजरातलं पाणी उडू देत नाही आणि अंगावर आलेला दव कापड शोषून घेतं. एका पिशवीत दीड किलोपेक्षा जास्त नको, नाहीतर मधलं गाजर बिघडलं तरी कळत नाही.

पिशव्या खालच्या भाजीच्या खणात ठेवा. मागच्या गार भिंतीला टेकवू नका. तिथं गाजर गोठतं आणि वितळल्यावर काचेसारखं पाणेरी, मऊ होतं.

आता सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट. गाजराच्या खणात सफरचंद, केळी, पेरू, चिकू, टोमॅटो ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूनं गाजरात कडू द्रव्य तयार होतं. एका वर्षी पाहुणे यायचे म्हणून सफरचंदाची पिशवी मी गाजरांवरच ठेवली. बारा-तेरा दिवसांनी हलवा केला. दूध, तूप, वेलची सगळं जागच्या जागी, तरी प्रत्येक घासाच्या शेवटी जिभेवर कडवटपणा यायचा. कितीतरी वेळ मी तुपालाच दोष देत होते. गाजर वरून अगदी ठणठणीत दिसत होतं. कडवटपणा दिसत नाही, तो फक्त चाखल्यावर कळतो. म्हणून मोठा घाट घालायच्या आधी एक कच्चा काप खाऊन बघा.

दर आठवड्याला पिशवी उघडा. ओलं झालेलं कापड बदला, मऊ पडलेलं गाजर बाहेर काढा. या पाच मिनिटांनी दोन आठवडे वाढतात.

सोललेली, कापलेली गाजरं ठेवायची असतील तर डब्यात गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठवडाभर कुरकुरीत राहतात. मुलांच्या डब्याला ही रीत फार सोयीची आहे. पंधरवड्यापर्यंत ताणू नका, गोडी पाण्यात उतरते.

६. वाळूची पेटी: फ्रिजमध्ये जागा नसेल तर

ही जुनी रीत आहे आणि थंडीपुरती चालते. मी ती डिसेंबर ते जानेवारीअखेर एवढीच वापरते, दोन ते तीन आठवड्यांसाठी. महाबळेश्वर, पाचगणीकडच्या थंड घरात ती याहून जास्त दिवस चालेल.

लाकडी खोका किंवा भोकं पाडलेली जुनी बादली घ्या. वाळू नदीची, धुऊन सुकवलेली. बांधकामावरची दगड दळून केलेली वाळू नको, तिची भुकटी गाजराला चिकटून बसते. वाळूवर थोडं पाणी शिंपडून हातानं कालवा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब निघता कामा नये. एवढाच ओलावा लागतो.

तळाला चार बोटं वाळू, त्यावर गाजरं एकमेकांना न लागतील अशी आडवी, पुन्हा वाळू, पुन्हा गाजरं. सगळ्यांत वर वाळूच. खोका घरातल्या उत्तरेकडच्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, फरशीवर ठेवा. माठाजवळची जागा उत्तम. आठवड्यानं वरचा थर चाचपून बघा, वाळू कोरडी वाटली तर पुन्हा हलका शिपका मारा.

सांगलीची मंडळी इथं हमखास विचारतात, हरिपूरला हळदीची पेवं होती, तसा खड्डा गाजराला का नको? पेवात जाते ती शिजवून कडकडीत वाळवलेली हळद. तिच्यात जीव उरलेला नसतो. गाजर काढल्यावरही जिवंत असतं, श्वास घेतं, ऊब सोडतं, पाणी सोडतं. बंद खड्ड्यात ते स्वतःच्याच उबेनं कुजेल.

परसात किंवा कुंडीत तुमचं स्वतःचं गाजर असेल तर त्याला कुठल्याच पेटीची गरज नाही. लागेल तसं उपटा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र संपवा, ऊन तापलं की आतला दांडा निबर होतो.

७. फ्रीझर: आठ-दहा महिन्यांची बेगमी

इथं थोडी मेहनत आहे, पण जूनमध्ये पावसात मटार-गाजराचा पुलाव करताना ती वसूल होते.

कच्चे काप तसेच गोठवले तर काय होतं? गाजरातली विकरं, म्हणजे एन्झाइम, थंडीत मंदावतात, पण थांबत नाहीत. दोन-तीन महिन्यांत चव बदलते, वाळक्या गवतासारखा वास येतो. ती थांबवायला गाजर उकळत्या पाण्यातून काढावं लागतं. याला ब्लांचिंग म्हणतात.

गाजरं धुऊन, सोलून, करंगळीच्या नखाएवढ्या जाडीचे काप करा. सगळे एकसारखे, नाहीतर पातळ शिजतात आणि जाड कच्चे राहतात.

पातेल्यात चार लिटर पाणी खळाखळा उकळा. एका वेळी अर्धा किलोच काप टाका. जास्त टाकले तर पाण्याची उकळी मोडते आणि काप नुसते भिजत पडतात. पुन्हा उकळी फुटली की घड्याळ लावा, दोन मिनिटं. तेवढ्यात काप पाण्यावर गडद, उजळ रंगाचे दिसायला लागतात आणि कच्चा वास जातो.

लगेच चाळणीनं काढून बर्फाच्या पाण्यात टाका. इथं बर्फ कमी पडला की सगळं बिघडतं, काप आतून शिजतच राहतात. दोन-तीन मिनिटांनी एक काप दातानं तोडा. आतून गार लागला पाहिजे आणि किंचित कुरकुरीत.

मग पंचावर पसरा आणि अगदी कोरडे करा. अंगावर पाणी राहिलं की सगळ्या कापांचा मिळून एक बर्फाचा दगड होतो.

ताटात एका थरात ठेवून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये घाला. काप सुटे, खडखडीत झाले की पाव-पाव किलोच्या झिपच्या पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, पिशवी सपाट करा, तारीख लिहा. फ्रीझर उणे १८ अंशांवर राहत असेल तर आठ-दहा महिने चव उतरत नाही. वापरताना आधी वितळवू नका, गोठलेलेच काप फोडणीत किंवा उकळत्या रश्शात टाका. कोशिंबिरीला हे काप चालत नाहीत, मऊ पडतात.

हलव्याच्या गाजराची रीत वेगळी आहे. कीस पाण्यात उकळला तर गोडी पाण्याबरोबर जाते. मी जाड किसणीनं किसते, जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप घालून मध्यम आचेवर परतते. आधी कीस पाणी सोडतो, कढईत चळचळ आवाज येतो. तो आवाज बारीक होत जातो आणि कीस कढईच्या कडा सोडायला लागतो, तिथं थांबायचं. साखर नाही, दूध नाही. पूर्ण गार करून अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या. तीन किलोचं ढीगभर किसलेलं गाजर हातभर जागेत मावतं. पाहुणे दारात आले तरी दूध आटवून वीस-पंचवीस मिनिटांत हलवा तयार. चार-पाच महिन्यांत संपवा.

कीस कोमट असताना पिशवीत भरू नका. आत वाफ धरते, तिचा बर्फ होतो आणि हलवा पाणचट लागतो.

८. वाळवण: उन्हाचं नाही, वाऱ्याचं काम

तासगाव, कवठेमहांकाळकडं बेदाण्याची शेड पाहिली असेल तर तुम्हाला हे लगेच उमगेल. द्राक्षं जाळ्यांच्या मजल्यांवर पसरलेली, वर छप्पर, चारी बाजूंनी वारा खेळता. थेट उन्हाचा चटका नाही. गाजराचंही तसंच. कडक उन्हात त्याचा रंग उडतो आणि रंगाबरोबर कॅरोटीनही जातं.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला यासाठी सगळ्यांत चांगला वाटतो. हवा कोरडी, दुपार गरम, आणि गाजर अजून मिळत असतं.

काप दोन-तीन मिलिमीटर जाडीचे करा. वर सांगितल्याप्रमाणं उकळत्या पाण्यातून, पण इथं तीन मिनिटं, काढा, गार करा, पुसा. ही पायरी गाळून कच्चेच वाळवले तर ते काळपट पडतात आणि शिजवताना चिवट राहतात.

गच्चीवर चादरीच्या आडोशाला किंवा खिडकीच्या झोताजवळ जाळी बांधा, खालूनही वारा लागला पाहिजे. काप एकमेकांवर न येतील असे पसरा, वर मलमल टाका. दिवसातून दोनदा उलटा. संध्याकाळी आत घ्या. रात्री बाहेर राहिले तर दंव पडून दिवसभराची मेहनत वाया जाते. तीन-चार दिवस लागतात.

झाले की नाही ते आवाजावरून ओळखायचं. काप मोडला तर पापडासारखा तुटला पाहिजे. वाकला किंवा मध्ये चामड्यासारखा लागला तर अजून एक दिवस ठेवा.

बरणीत भरल्यावरही काम संपत नाही. पहिले आठ दिवस बरणी अर्धीच भरा आणि रोज हलवा. काचेवर आतून वाफ दिसली किंवा काप चिकटले तर सगळं पुन्हा पसरा. एकदा घाईत मी हे केलं नाही आणि तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर वर राखाडी बुरशीचा थर. ती बरणी सगळीच टाकावी लागली. वरचा थर काढून खालचं वापरू असा विचार करू नका.

गाजरात शंभरात अठ्ठ्याऐंशीच्या आसपास भाग पाणीच असतं. म्हणून तीन किलोचे जेमतेम साडेतीनशे ग्रॅम काप हाती लागतात. बघून निराश होऊ नका, मूठभर काप गरम पाण्यात अर्धा तास भिजवले की चार माणसांच्या सांबारला किंवा मसालेभाताला पुरतात. भिजवलेलं पाणीही त्यातच घाला.

९. लोणचं, आणि एक गोष्ट जी करायची नाही

गाजराचं लोणचं कैरीसारखं वर्षभर ठेवायचं नसतं. ते ताजं, महिनाभराचं. एक किलो गाजराच्या बोटाएवढ्या फोडी पुसून, दोन तास सावलीत पसरून कोरड्या करा. ७५ ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम मोहरीची डाळ, ४० ग्रॅम तिखट, दोन चमचे हळद, चमचाभर भाजलेल्या मेथीची पूड, आणि आठ-दहा रसदार लिंबांचा रस. वाटीभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी पूर्ण गार करून ओता. गरम फोडणीनं फोडी मऊ पडतात. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. चमचा कायम कोरडा. दोन दिवसांनी खायला घ्या. ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवू नका, लिंबाचा रस त्याला खातो.

आता न करायची गोष्ट, आणि ही मी अगदी कळकळीनं सांगते. मोबाइलवर एक रीत फिरत असते: गाजर उकडायचं, गरम असताना काचेच्या बरणीत भरायचं, झाकण घट्ट लावून बरणी उलटी ठेवायची आणि वर्षभर फडताळात ठेवायची. हे करू नका. गाजरात आंबटपणा नसतो. अशा बंद, हवा नसलेल्या बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. त्यांची बीजं साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यासाठी खास दाबयंत्र आणि ठरलेलं तापमान, ठरलेला वेळ लागतो, आणि आपला घरचा कुकर त्यासाठी बनवलेला नाही. बरणीतलं अन्न दिसायला, वासाला चांगलं असूनही विषारी असू शकतं. नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या गाजरालाही हाच धोका आहे. लोणच्यात लिंबाचा रस आणि मीठ कमी करू नका ते यासाठीच.

१०. अडचण आली तर

गाजर लुळं पडलंय: सोलून बर्फाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवा. बहुतेक वेळा पुन्हा ताठ होतं. त्याच दिवशी वापरा.

अंगावर पांढुरकी झाक आलीय: साल सुकलीय, बुरशी नाही. ओलं बोट फिरवलं की झाक जाते. कापूस किंवा धाग्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, टाकून द्या.

माथ्यावर कोंब फुटलाय: कोंब कापा, गाजर टणक असेल तर शिजवून खा.

बुळबुळीत झालंय, आंबूस वास येतोय: धुऊन वाचवायचा प्रयत्न नको. टाका, आणि त्याला लागून असलेली बाकीची एकेक तपासा.

लाइट गेलीय: फ्रीझरचं दार उघडून बघायचा मोह आवरा. दार बंद असलेला भरगच्च फ्रीझर बराच वेळ तग धरतो. लाइट आल्यावर पिशवीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवता येतं, चव थोडी उतरते एवढंच. माल गार आहे पण पूर्ण सुटलाय असं दिसलं तर त्याच दिवशी शिजवा. गारवाच गेला असेल तर फेकून द्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या भागात कितीतरी दिवस लाइट नव्हती. फ्रीझरमधलं झाडून सगळं टाकावं लागलं, जानेवारीत परतून ठेवलेल्या किसाच्या शेवटच्या दोन पिशव्यांसकट. माळ्यावरच्या बरणीतले वाळवलेले काप तेवढे हाताशी राहिले. वरच्या मजल्यावर चार घरची माणसं एकत्र होतो. डाळ-तांदळाच्या खिचडीत ते काप मूठ-मूठ घातले. त्या वर्षापासून पंधरा किलोतले तीन किलो वाळवणाला ठेवते, फ्रीझरमध्ये जागा असली तरी.